आधी तिला, मग जगाला

नाव तोंडातून निघून गेलं होतं. आता ते परत घेण्याची सोय नव्हती. मैदानावरचे कर्णे नवे होते आणि ते एकदम बोलत नसत. जवळचा आधी बोलायचा, मग पलीकडच्या कठड्याजवळचा, मग पार तबेल्यांकडचा, आणि वर काचेच्या खोलीत बसलेल्या निवेदकाला स्वतःचंच वाक्य लांब लांब जाताना ऐकू यायचं, जणू ते दुसऱ्याच कुणी म्हटलंय आणि आता घरोघर चुगली करत फिरतंय. ‘पीस पडला. पीस पडलाय.’ लांबच्या वळणावर, झाडांच्या रांगेमागे, धुळीचा लोट उठला होता. हंगामाचा शेवटचा दिवस, जमीन भाजलेल्या विटेसारखी, आणि त्या धुळीत हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक सदरा खोगिरावरून निसटून खाली जाताना त्याने दुर्बिणीतून पाहिला होता. पाहिला होता एवढं खरं. पण तसले सदरे या शर्यतीत दोन होते. कापडवाल्या मालकाचे दोन घोडे आज एकाच शर्यतीत धावत होते, मखमल आणि मांजरपाट. दुकानातून घरी जाताना या माणसाने कल्पनाशक्ती दुकानातच ठेवलेली असावी. आणि एका मालकाचे दोन घोडे असले की दोघा जॉकींचा सदरा एकच, फरक फक्त टोपीचा. मखमलवर पीस, पिवळी टोपी. मांजरपाटवर टाचणी, काळी टोपी. आज सकाळी दाढी करताना त्याने ते गालावरच्या फेसाला समजावून सांगितलं होतं: पिवळी पीस, काळी टाचणी. टोपी मात्र त्याला दिसलीच नव्हती. पिवळी नाही, काळी नाही, कुठलीच नाही. आणि नाव उच्चारण्याच्या आधी त्याला हे माहीत होतं.

शिवाय जॉकीचं नाव घ्यायचंच नसतं. पहिल्याच दिवशी चिटणीसांनी, म्हणजे मैदानाचा सगळा कारभार बघणाऱ्या आणि कायम ढेकर दाबल्यासारखा चेहरा करणाऱ्या गृहस्थांनी, त्याला बजावलं होतं. “घोड्याचं नाव घ्या. घोडा पडला म्हटलं की लोक शिव्या देऊन तिकीट फाडतात. माणूस पडला म्हटलं की उठून उभे राहतात. आपल्याला लोक बसलेले हवेत.” आत्ता लोक उठून उभे राहिले होते. समोरच्या सज्जांमध्ये टोप्या आणि छत्र्या एकदम वर आल्या, भांड्यातलं दूध वर यावं तशा. आणि त्याचं तोंड, जे त्याच्या मालकीचं आहे असा त्याचा इतकी वर्षं समज होता, ते त्याच्याशिवाय पुढे बोलत राहिलं: सेनापती आघाडीवर, गुलछबू त्याच्या पाठोपाठ, आतल्या बाजूने जागा शोधतोय, अजून सरळ रस्ता यायचाय. बरोबर बोलत होतं. चोख बोलत होतं. लढाईतही ते असंच बोलायचं.

लढाईच्या काळात तो रेडिओवर होता. बातम्या संपल्या की हरवलेल्यांची आणि मेलेल्यांची नावं वाचायची, हे काम कुणालाच नको असायचं, म्हणून ते नव्या माणसाच्या गळ्यात पडलं आणि मग गळ्यातच राहिलं. आवाज स्थिर हवा, अशी अट होती. रडवेला नको, कोरडा नको; दारात उभं राहून निरोप सांगणाऱ्या, पण आत न येणाऱ्या माणसासारखा हवा. तो तसा होता. गावात त्याचा चेहरा कुणी ओळखत नव्हतं, पण दुकानात त्याने नुसतं ‘साबण आहे का’ विचारलं तरी बायका हातातलं सामान खाली ठेवायच्या. एकदा एका म्हाताऱ्याने त्याला हात जोडून सांगितलं होतं, “साहेब, साबण आहे. तुम्ही काही बोलू नका.” अशा दिवसांत ती रेडिओच्या कचेरीत आली. टेलिफोनच्या ऑफिसात काम करायची. डोक्यावरून जाणाऱ्या हेडफोनच्या पट्टीने कानाजवळचे केस कायमचे दबलेले. नवरा जॉकी, घोडदळात गेलेला, आणि गेल्या हिवाळ्यापासून पत्र नाही. आमच्याकडे नावं फक्त वाचायला येतात, आम्हाला आधी काही कळत नाही, असं त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली, “खोटं बोलताय.” तो चपापला. “तुमचा शेवटचा शब्द जरा हळू आला. दिवसभर लोकांची बोलणी जोडून देते मी. खोटं बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द दाराआड उभा राहतो.” त्याने मग खरं सांगितलं: नावं दुपारी येतात, वाचायची संध्याकाळी. मधले काही तास ती त्याच्या टेबलाच्या खणात असतात. ती बराच वेळ खणाकडे बघत राहिली. आणि त्याने, ज्याने आजवर कुणाला साधं पेनसुद्धा उसनं दिलं नव्हतं, तिला वचन दिलं: नाव आलंच, तर आधी तुम्हाला सांगेन. मग जगाला.

नाव आलं नाही. तीच तर सगळी पंचाईत झाली. रोज दुपारी ती टेलिफोन करायची, तो ‘नाही’ म्हणायचा, आणि त्या एका शब्दाभोवती हळूहळू दुसरे शब्द जमत गेले. आज थंडी आहे. जेवलात का. तुमच्याकडे कसला आवाज येतोय. मग एकदा ती त्याच्या खोलीवर आली. खोली छापखान्याच्या वर होती, खाली यंत्र चालू झालं की पलंगाचे पाय जमिनीवर चालायला लागायचे आणि दोघांना हसू आवरेनासं व्हायचं. तिला यंत्र बंद असलेलं आवडायचं नाही. शांतता असली की तिला वाटायचं, आता कुणीतरी फोन जोडून मागेल. तिच्या अंगाला रबराचा आणि गरम धातूचा वास यायचा. तो तिच्या केसांवरची पट्टीची खूण बोटाने पुसायचा प्रयत्न करायचा आणि ती म्हणायची, “राहू दे रे. ती गेली की मला माझीच ओळख पटायची नाही.” त्या काळात तो रोज संध्याकाळी माणसं मारत होता आणि दुपारी सुखात होता, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं त्याला कधी वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असंही वाटलं नाही. फक्त खण तो एकदम उघडत नसे, बोटभर उघडून थांबायचा. आणि ते थांबणं भीतीचं आहे की आशेचं, हे तपासून बघण्याची हिंमत त्याने केली नव्हती.

मग लढाई संपली आणि नवरा परत आला. कैदेत होता. इतका वाळलेला, की मैदानाच्या काट्यावर उभा राहिला तेव्हा काटा हलायला विचार करत होता. तिथेच त्याचं नाव पीस पडलं. तबेल्यात विनोद असा, की इतर जॉकी उपाशी राहून, घाम काढून वजन उतरवतात, याचं सरकारने फुकटात उतरवून दिलं. पीस हसायचा. चांगला माणूस होता, हीच त्याच्याबद्दलची सगळ्यात वाईट गोष्ट. आल्यावर पंधरवड्यातच तो निवेदकाला भेटायला आला. तोवर रेडिओ सुटला होता आणि निवेदकाला मैदानावर हे नवं काम मिळालं होतं. “तुमच्या आवाजाने माझ्या बायकोला धीर दिला म्हणे,” पीस म्हणाला. “उपकार झाले. कैदेत चामडं शिवायला शिकलो, तेवढंच येतं मला आता.” आणि त्याने दुर्बिणीसाठी एक पट्टा पुढे केला, स्वतः शिवलेला, टाका इतका बारीक की नख लागू नये. तेव्हापासून निवेदकाच्या गळ्यात तो पट्टा होता. उन्हाळ्यात मानेला चिकटायचा. काढून टाकावा असं रोज मनात यायचं, पण चिटणीस म्हणायचे, फार छान पट्टा आहे, कुठून आणलात.

तिने नवऱ्याला सांगायचं ठरवलं होतं. ते तिनेच ठरवलं, त्याने नाही. “मी तुझ्याकडे येणार आहे,” ती म्हणाली होती, खाली यंत्र चालू असताना, म्हणून जवळजवळ ओरडून. पण जॉकीच्या घरात एक रीत असते. शर्यतीच्या आधी जॉकीला काही सांगायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मूल होणार असलं तरी नाही, आई गेली तरी नाही. जे वजन काट्यावर चढत नाही ते घोड्याला कळतं, असं तबेल्यात म्हणतात. तिच्या सासूने मरताना घरच्यांना ताकीद दिली होती की माझं कळवायचं ते निकालानंतर कळवा. आणि हंगामात शर्यत नाही असा आठवडा नसतो. “ही एक होऊ दे,” ती म्हणायची. ती एक व्हायची. मग पुढच्या शर्यतीची नावं लागायची आणि पीस पुन्हा उपाशी राहायला लागायचा, आणि उपाशी माणसाला काय सांगायचं? निवेदक हो म्हणायचा. समजूतदारपणा हा त्याचा जुना आजार होता. दर आठवड्याला तो काचेच्या खोलीतून तिच्या नवऱ्याला सुखरूप वळणावरून आणायचा, सरळ रस्त्यावर आणायचा, शेवटच्या खांबापर्यंत पोहोचवायचा, आणि घरी जाऊन पलंगावर बसून राहायचा. खाली यंत्र चालू असायचं. पलंग एकट्यालाच घेऊन चालायचा. एकदा त्याने विचारलं होतं, “आणि हंगाम संपल्यावर?” ती म्हणाली, “शेवटची शर्यत झाली की त्याच संध्याकाळी. वाटलं तर माझा आवाज ऐक.” त्याने ऐकला. शेवटचा शब्द हळू आला नव्हता. आज शेवटची शर्यत होती.

आणि आज तो म्हणाला होता, पीस पडला.

जॉकींच्या घरच्यांचा बाक सज्जाच्या खालच्या अंगाला, कठड्याजवळ होता. दुर्बीण घोड्यांवर ठेवायची असते. तो त्याचा धंदा होता. दुर्बीण कधी खाली वळली ते त्याला कळलं नाही. काचेच्या गोलात आधी गवत आलं, मग कठडा, मग ती. शेजारी टाचणीची बायको होती, ठेंगणी, लाल हातमोज्यांची, आणि तिने हिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. सगळं मैदान झाडांच्या रांगेकडे बघत होतं. एकटी ती उलट वळून वर बघत होती, काचेच्या खोलीकडे, थेट दुर्बिणीत. चेहरा इतका जवळ आला होता की त्याला वाटलं, बोट पुढे केलं तर तो पुसता येईल. तो रडका नव्हता. घाबरलेला नव्हता. खांद्यावरचं ओझं कुणीतरी मागच्या मागे उतरवून घ्यावं आणि माणसाला अजून पाठ सरळ करायचंही सुचू नये, तसा तो चेहरा होता. त्याला तो ओळखीचा वाटला, आणि कुठला ते आठवायला एक क्षण लागला. रोज दुपारी खण बंद करताना खणाच्या पितळी मुठीत त्याला स्वतःचा दिसायचा तो.

तेवढ्यात धुळीतून पिवळी टोपी बाहेर आली.

आधी टोपीच, बाकी काही नाही. धुळीवर तरंगत आल्यासारखी. मग तिच्याखाली पट्ट्यांचा सदरा, मग मखमलची मान. निवेदकाच्या हाताने दुर्बीण आपोआप तिकडे नेली. गर्दीतून एक असा आवाज उठला जो त्याने लढाईत कधीच ऐकला नव्हता, कारण तेव्हा वाचलेली माणसं धुळीतून बाहेर येत नसत. पीस मखमलच्या मानेवर इतका पसरला होता की घोडीवर कुणी बसलंय की नुसता सदरा वाळत घातलाय, कळू नये. आणि निवेदकाचं तोंड बोलत राहिलं. मखमल बाहेरच्या बाजूने, मखमल गुलछबूच्या बरोबरीला, सेनापती थकलाय, मखमल, मखमल. मेलेल्या माणसाला जिवंत करायला त्याला इतकेच शब्द लागले. खांब आला. “मखमल,” तो म्हणाला, आणि पलीकडचा कर्णा म्हणाला मखमल, आणि तबेल्यांकडचा कर्णा म्हणाला मखमल. मग त्याने बटण बंद केलं. माइकच्या जाळीवर त्याची थुंकी चमकत होती. बगलेपासून कमरेपर्यंत त्याचा स्वतःचा सदरा ओला होता. मनात एकच वाक्य फिरत होतं आणि त्याला कर्णा नव्हता: दोनातलं एक नाव घ्यायचं होतं, आणि मी विचारसुद्धा केला नाही.

दार उघडून चिटणीस आत आले. ढेकर आज दाबलेला नव्हता. “अहो, काय हे! टाचणी पडला. गळपट्टीचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात शिव्या देतोय, म्हणजे काळजी नाही. त्याची तक्रार काय माहितीये? पडलो मी, आणि नाव त्याचं!” ते खुर्चीत बसले. “आणि तो पीस खाली सगळ्यांना सांगत सुटलाय, मेल्यावर जिंकणारा मी पहिलाच, माझा पुतळा उभारा म्हणून. नशीब, माणूस खेळकर आहे. दुसरा असता तर कोर्टात खेचलं असतं.” मग त्यांनी आवाज उतरवला. “लोक अजून उभे आहेत. दुरुस्ती सांगून टाका. पीस सुखरूप आहे, पडला तो दुसरा, त्यालाही फार काही नाही. तुमच्या त्या आवाजात. म्हणजे बसतील.” निवेदक म्हणाला, “सांगतो.” चिटणीस जाताना दारात अडखळले, कारण ती जिना चढून वर आली होती आणि दम खात दारातच उभी होती. “या, या वहिनी,” ते म्हणाले, “चांगले कान उपटा यांचे,” आणि हसत खाली गेले.

तिने दार लावलं. काचेच्या खोलीत दार लावून काही होत नाही, सगळं मैदान दिसतं आणि मैदानाला सगळं दिसतं, म्हणून ती माइकच्या मेजापासून हातभर लांब उभी राहिली, तक्रार करायला आल्यासारखी.

“टोपी दिसली होती?” तिने विचारलं.

“धूळ होती.”

“ते नाही विचारलं मी.”

“नाही दिसली.”

तिने मान हलवली. टेलिफोनच्या ऑफिसात नंबर लिहून घेताना हलवत असेल तशी. “तुझ्या आवाजात शंका नव्हती. एवढी वर्षं ऐकते तुला. शेवटचा शब्दसुद्धा हळू आला नाही.” खाली कुणीतरी मखमलला पाण्याच्या बादलीकडे नेत होतं. “आधी मला सांगणार होतास,” ती म्हणाली.

“जीभ घसरली. मी काय मुद्दाम...”

“आधी मला सांगितलं असतंस तर मला तोंड फिरवायला वेळ मिळाला असता.” हे सांगताना ती त्याच्याकडे नाही, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बघत होती. “बरं वाटलं रे मला. ऐकलं आणि बरं वाटलं. आता कुणाला काही सांगायला नको, असं वाटलं. टाचणीची बायको माझा हात धरून रडत होती. म्हणत होती, धीर धर गं, मी आहे. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात सोडला. तिचा नवरा तिकडे खाली पडलेला, आणि ती माझ्यासाठी रडत होती, आणि मला...”

“मला दिसलं,” तो म्हणाला.

“तुला दिसलं ते ठीक आहे. आपण दोघं एकाच मापाची माणसं. मला दिसलं, हे वाईट झालं.” तिने खाली तबेल्यांकडे बघितलं. “मी त्याला सोडून येऊ शकले असते. खरंच. आज संध्याकाळी येणार होते, कपडे बांधून ठेवलेत. पण जिवंत माणसाला सोडून यायचं होतं मला. आता मी त्याला काय सांगू? तू मेलास तेव्हा मला बरं वाटलं, म्हणून जाते?”

“काही सांगू नकोस. नुसती ये.”

“कुठे? तुझ्याकडे? मग आपण दोघं एकमेकांकडे बघत बसायचं?”

त्याला खूप बोलायचं होतं. हात पुढे करायचा होता, गुडघे टेकायचे होते, तिच्या केसांवरच्या त्या खुणेला ओठ लावून ‘नको’ म्हणायचं होतं, आणि खाली हजारो लोक काचेकडे तोंडं करून, उभे राहून, त्याच्या आवाजाची वाट बघत होते. तो आयुष्यात एवढा कधी ओरडला नव्हता जेवढा तो त्या क्षणी आतल्या आत ओरडला. काचेचं तावदानसुद्धा थरथरलं नाही. “पुढच्या हंगामात...” तो म्हणाला, आणि त्या शब्दाचा मूर्खपणा त्याला तो संपायच्या आधीच कळला. तिलाही कळला. ती जवळजवळ हसली. त्याच्या खोलीत, पलंग चालायला लागला की हसायची, तसं जवळजवळ.

“ते लोक उभे आहेत रे,” ती म्हणाली. “सांग त्यांना.”

तो माइककडे वळला. बटणावर बोट ठेवलं, आणि दुसरा हात जाळीवर पालथा ठेवून पुन्हा तिच्याकडे वळला. निदान एवढं तरी. “तुझा नवरा सुखरूप आहे,” त्याने तिला सांगितलं. आवाज स्थिर होता. शेवटचा शब्द हळू आला नाही.

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मग त्याने जगाला सांगितलं. मघाशी पडल्याचं जाहीर झालेला स्वार सुखरूप आहे. पडलेला स्वार दुसरा; त्यालाही गंभीर दुखापत नाही. लोक बसले. टोप्या आणि छत्र्या पुन्हा खाली गेल्या. निकालाच्या फळ्याजवळ पीसने डोक्यावरची पिवळी टोपी काढून काचेकडे हलवली. निवेदकाने हात वर केला, तेव्हा पट्टा मानेला ओढला गेला आणि टाक्यांची ओळ कातडीला जाणवली. वाक्य कर्ण्यांमधून लांब लांब जात होतं. ती कठड्याच्या कडेने तबेल्यांकडे निघाली होती, नवऱ्याला भेटायला, आणि तिच्या डोक्यावरचा कर्णा सगळ्यात शेवटी बोलला. तिला ते आधीच सांगून झालं होतं. तरी ती थांबली, मान वर करून तिने ते शेवटपर्यंत ऐकलं, अनोळखी माणसाची बातमी ऐकावी तसं, आणि मग चालू लागली.